जखम लहान, निर्णय मोठा

चैत्रातील हळदीकुंकवासाठी दांडिया बाजारातील एका परिचित घरी आम्ही गेलो होतो. झोपाळ्यात बसविलेली चैत्रगौर, तिच्यापुढची आरास, भिजविलेल्या हरभऱ्यांनी ओटी भरण्याची लगबग, वाटलेली डाळ आणि पन्हे, असे बडोद्यातील मराठी घरांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेले सारे यथासांग होते. घरच्या सूनबाई पन्ह्याच्या पेल्यांचे तबक घेऊन बायकांमधून फिरत होत्या. तबक खाली ठेवले की त्यांचा हात ओटीपोटाकडे जाई आणि क्षणभर त्या भिंतीला टेकून उभ्या राहत. न राहवून आम्ही चौकशी केली, तेव्हा कळले की आठच दिवसांपूर्वी त्यांची पिशवी काढली होती.

“अहो, दुर्बिणीचं ऑपरेशन ते! पोटावर टिकलीएवढी तीन भोकं. तिसऱ्या दिवशी घरी आली. आमच्या वेळेसारखं राहिलं नाही आता,” सासूबाई कौतुकाने म्हणाल्या.

“पण पिशवी काढावी लागली कशामुळे?” आम्ही सूनबाईंना विचारले.

त्या जरा गोंधळल्या. “पाळीत फार जायचं. सोनोग्राफीत लहानशी गाठ दिसली. डॉक्टर म्हणाले, दोन मुलं झालीत, आता तिचा उपयोग काय? दुर्बिणीनं पटकन होऊन जाईल.”

सूनबाईंचे वय अडतीस. त्याआधी औषधोपचार किती दिवस झाला, असे विचारता ‘पंधरा दिवस’ असे उत्तर मिळाले. ओटी घेऊन आम्ही घरी परतलो खरे; पण ‘आता तिचा उपयोग काय?’ हे शब्द काही केल्या मनातून जाईनात. म्हणून या महिन्याचे सदर या विषयास दिले आहे. विषय नाजूक आहे आणि चारचौघांत बोलला जात नाही; आणि बोलला जात नाही म्हणूनच त्याचे निर्णय घाईने होतात.

आधी नावापासूनच पाहू. गर्भाशयास आपण मराठीत ‘पिशवी’ म्हणतो. आपल्या गुजराती शेजारणी ‘कोथळी’ म्हणतात. दोन्ही भाषांनी एकच उपमा योजावी, याचे आम्हांस नवल वाटते. पिशवी भरायची असते आणि रिकामी झाली की खुंटीला टांगायची किंवा टाकून द्यायची असते. शरीराच्या अवयवाला आपण जे नाव देतो, तसेच त्याच्याशी वागतो की काय, असा संशय येतो. डोळ्याला कोणी काचेची गोटी म्हणत नाही, आणि मोतीबिंदू झाला म्हणून डोळा काढा, असेही कोणी सांगत नाही.

आमच्या आजीच्या काळी स्त्रियांची दुखणी अंगावर काढण्यासाठीच असत. पुरुष वैद्यापुढे जाण्यापेक्षा मरण बरे, असे मानणाऱ्या घरांची वाण नव्हती. व्हाइसरॉय लॉर्ड डफरिन यांच्या पत्नीने १८८५ साली हिंदी स्त्रियांच्या वैद्यकीय मदतीसाठी निधी उभारला. त्या काउंटेस ऑफ डफरिन यांच्या नावाचे रुग्णालय बडोद्यात १८८६ पासून आकारास आले. आज आपण ज्यास सयाजीराव रुग्णालय म्हणतो, ते हेच. त्याच १८८६ साली आनंदीबाई जोशी अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यात डॉक्टर झाल्या. डॉ. रखमाबाई तर लंडनहून शिकून आल्या आणि त्यांनी आपले आयुष्य गुजरातेतच, आधी सुरतेस व मग राजकोटास, स्त्रियांच्या शुश्रूषेत वेचले. त्या पिढीपुढे प्रश्न होता, स्त्री डॉक्टरपर्यंत पोचेल कशी? आपल्या पिढीपुढचा प्रश्न असा की, तेथे पोचल्यावर ती काय विचारील?

मध्यंतरीच्या काळात शस्त्रक्रिया सुलभ झाल्या, तरी पोट उघडावेच लागे. ओटीपोटावर वीतभर छेद, आठ-दहा दिवस रुग्णालयात मुक्काम, नंतर दीड-दोन महिने सक्तीची विश्रांती आणि जन्मभराचा व्रण. दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेने हे चित्र पालटले.

ती कशी करतात, हे वाचकांस थोडक्यात सांगतो. रोग्यास पूर्ण भूल दिल्यावर बेंबीजवळून पोटात कार्बन डायऑक्साइड वायू भरतात. त्यामुळे पोटाची भिंत तंबूसारखी वर उचलली जाते आणि आतले अवयव मोकळे दिसू लागतात. हा वायू पेट घेत नाही व रक्तात विरघळून श्वासावाटे बाहेर पडतो, म्हणून तोच निवडला आहे. मग बेंबीशी केलेल्या सुमारे एक सेंटिमीटरच्या छेदातून दुर्बीण आत जाते. तिच्या टोकाशी उजेड असतो आणि कॅमेऱ्याने टिपलेले दृश्य समोरच्या पडद्यावर मोठे होऊन दिसते. बाजूंच्या अर्ध्या सेंटिमीटरच्या दोन-तीन छिद्रांतून लांब दांड्यांची हत्यारे घालून शल्यविशारद काम करतात. दुसरा प्रकार याहून सौम्य आहे. त्यात पोटावर छेदच नसतो. नैसर्गिक मार्गाने बारीक दुर्बीण थेट गर्भाशयात नेतात. पहिलीस लॅपरोस्कोपी आणि दुसरीस हिस्टेरोस्कोपी म्हणतात.

या विद्येला पुढे आणण्यात स्त्रीरोगतज्ज्ञांचा मोठा वाटा आहे. जर्मनीतील कील येथील स्त्रीरोगतज्ज्ञ कुर्ट सेम यांनी १९८० साली दुर्बिणीने आंत्रपुच्छ काढले, तेव्हा त्यांची वाहवा होण्याऐवजी त्यांचा वैद्यकीचा परवाना रोखावा, अशी मागणी शल्यविशारदांकडूनच झाली होती. दुर्बिणीच्या साहाय्याने गर्भाशय काढण्याची पहिली शस्त्रक्रिया १९८८ साली डॉ. हॅरी राइश यांनी केली, तीही आनंदीबाई जेथे शिकल्या त्या पेनसिल्व्हेनिया राज्यात. आपल्याकडे मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहेमटन उदवाडिया यांनी १९७२ पासून ही दुर्बीण हाती धरली आणि १९९० साली तिने पित्ताशय काढून दाखविले.

तिचे उपकार खरोखर मोठे आहेत. गर्भ गर्भाशयाऐवजी नलिकेत राहून नलिका फुटण्याचा धोका असतो, तेव्हा ही शस्त्रक्रिया प्राण वाचविते. बीजकोशावरील गाठ काढून बीजकोश राखता येतो. एंडोमेट्रिओसिस नावाच्या व्याधीत गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर बाहेर, भलत्या ठिकाणी वाढतो आणि दर पाळीस असह्य वेदना होतात. ‘बाईच्या जातीला एवढे चालायचेच’ म्हणून वर्षानुवर्षे दुर्लक्षिलेले हे दुखणे दुर्बिणीतून डोळ्यांनी दिसते व त्यावर इलाजही करता येतो. गर्भाशयातील पॉलिप, म्हणजे मांसल कोंब, हिस्टेरोस्कोपीने काढून बहुधा त्याच दिवशी घरी जाता येते. फायब्रॉइडच्या गाठी काढून गर्भाशय जागच्या जागी ठेवता येते. थोडक्यात, या विद्येचा खरा मोठेपणा अवयव वाचविण्यात आहे. तीच विद्या अवयव चटकन काढून टाकण्याचे निमित्त व्हावी, ही खेदाची गोष्ट.

‘आता तिचा उपयोग काय?’ या प्रश्नास एक उत्तर आपल्याच बाजूच्या एका कुटुंबाने दिले आहे. २०१७ च्या मे महिन्यात पुण्याच्या गॅलेक्सी केअर रुग्णालयात डॉ. शैलेश पुणतांबेकर व त्यांच्या सहकाऱ्यांनी गर्भाशय-रोपणाच्या भारतातील पहिल्या शस्त्रक्रिया लागोपाठच्या दोन दिवशी केल्या. पहिली तरुणी सोलापूरची होती आणि दुसरी आपल्या बडोद्याकडची. दोघींनाही गर्भाशय दिले ते त्यांच्या जन्मदात्या आईंनी. डॉ. पुणतांबेकर हे मूळचे कर्करोगाचे शल्यविशारद. कर्करोगावरील दुर्बिणीच्या शस्त्रक्रियांत कमावलेले कसब त्यांना येथे उपयोगी पडले. आईच्या पोटातील गर्भाशय त्याच्या रक्तवाहिन्यांसकट दुर्बिणीने सोडविण्यात आले. पुढे बडोद्याकडच्या त्या तरुणीस दिवस राहिले आणि १८ ऑक्टोबर २०१८ रोजी, पूर्ण दिवस भरण्याच्या आत, सुमारे दीड किलो वजनाची मुलगी जन्मास आली. रोपण केलेल्या गर्भाशयातून भारतात जन्मलेले ते पहिले मूल. स्वीडनमध्ये जगातील पहिले असे मूल २०१४ साली जन्मले होते.

ज्या गर्भाशयात आई वाढली, त्याच गर्भाशयात लेकही वाढली! चाळिशी उलटलेल्या त्या मातेस कोणी ‘मुले झाली, आता पिशवीचा उपयोग काय’ म्हटले असते, तर काय झाले असते? हे उदाहरण विरळा आहे, हे आम्ही जाणतो. रोपण सर्वांसाठी नाही. त्यात जोखीम आहे, आणि परका अवयव शरीराने नाकारू नये म्हणून औषधे घ्यावी लागतात. शिवाय गर्भाशयाची किंमत केवळ मातृत्वाने करावी, असेही आमचे म्हणणे नाही. अवयव तिचा आहे; तो राखावा की काढावा, याचे कारण तिला समजले पाहिजे, एवढेच आमचे म्हणणे.

कारण न समजता काढलेल्या गर्भाशयांची संख्या लहान नाही. २०१५-१६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते ४९ वयोगटातील दर शंभर स्त्रियांमागे सुमारे तीन जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. त्यांतील सुमारे दोनतृतीयांश शस्त्रक्रिया खासगी रुग्णालयांत झाल्या होत्या आणि निम्म्याहून अधिक स्त्रियांनी कारण सांगितले ते अतिरिक्त रक्तस्रावाचे किंवा वेदनेचे. अहमदाबादेतील ‘सेवा’ संस्थेच्या विमा योजनेतही, सभासद स्त्रियांच्या रुग्णालय-खर्चाच्या दाव्यांत गर्भाशय काढणे हे आघाडीच्या कारणांपैकी एक आढळले होते.

बीड जिल्ह्यातील ऊसतोडणी कामगार स्त्रियांची कहाणी तर मन विषण्ण करणारी आहे. २०१९ साली तिला वाचा फुटली. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीपुढे जी पाहणी आली, तीत सुमारे ८२ हजार स्त्रियांपैकी १३ हजारांहून अधिक जणींचे गर्भाशय काढलेले निघाले. नवराबायको मिळून एक ‘कोयता’. मुकादमाकडून हंगामाआधी उचल घेतलेली. एका दिवसाचा खाडा झाला तरी दंड. पाळीच्या चार दिवसांत खाडा परवडत नाही, म्हणून पाळीच नको, असा हा हिशेब. पुढे सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२३ मध्ये, अनावश्यक गर्भाशय-शस्त्रक्रिया रोखण्यासाठी केंद्राने आखलेली मार्गदर्शक तत्त्वे सर्व राज्यांनी तीन महिन्यांत अमलात आणावीत, असा आदेश दिला.

बीडच्या फडापासून आपली घरे दूर आहेत, असे वाचकांस वाटेल. आम्हांस तसे वाटत नाही. आपल्या घरांतही गौरी-गणपतीच्या सुमारास पाळी पुढे ढकलण्याच्या गोळ्या बिनदिक्कत घेतल्या जातात. ‘पिशवी गेली, कटकट गेली, आता देवकार्याला केव्हाही मोकळी’, असे समाधानाचे उद्गार आम्ही स्वतः ऐकले आहेत. बीडमध्ये मुकादमाचा दंड आहे. आपल्याकडे सोवळ्याओवळ्याचा आहे. बाईला आपले शरीर अडचणीचे वाटू लागेल अशी घडी आपणच बसवायची आणि मग डॉक्टरांनी सहज सुटका सुचविली म्हणून त्यांनाच दोष द्यायचा, हे न्यायाचे नव्हे.

दुर्बीण म्हणजे सर्वथा उत्तम, असेही मानू नये. ही दुर्बीण खेड्यापाड्यांत पोचली ती कुटुंबनियोजनाच्या शिबिरांतून. २०१४ च्या नोव्हेंबरात छत्तीसगडमधील बिलासपूर जिल्ह्यात एकाच शिबिरात काही तासांत ८३ स्त्रियांवर शस्त्रक्रिया उरकल्या गेल्या आणि त्या भागातील शिबिरांत मिळून दहाहून अधिक स्त्रिया दगावल्या. २०१६ साली सर्वोच्च न्यायालयाने अशी शिबिरे बंद करण्यास सांगितले. त्याच २०१४ साली अमेरिकेच्या औषध प्रशासनाने आणखी एक इशारा दिला. लहान छिद्रातून मोठी गाठ बाहेर काढण्यासाठी यंत्राने तिचे आत तुकडे करतात. त्या गाठीत कर्करोग दडलेला असल्यास तो पोटात पसरतो. गाठी साध्या समजून शस्त्रक्रिया झालेल्या सुमारे ३५० स्त्रियांमागे एकीस असा छुपा कर्करोग असतो, असा त्यांचा अंदाज होता. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका आंतरराष्ट्रीय चाचणीत तर गर्भाशयमुखाच्या प्राथमिक कर्करोगात दुर्बिणीच्या मोठ्या शस्त्रक्रियेपेक्षा पोट उघडून केलेलीच अधिक सुरक्षित ठरली. साडेचार वर्षांनंतर पोट उघडलेल्यांपैकी शेकडा ९६ रोगमुक्त होत्या, तर दुर्बीणवाल्यांपैकी शेकडा ८६. आणखी एक गोष्ट बहुतेकींस कोणी सांगत नाही. पोटावर एकही छेद न देता योनिमार्गाने गर्भाशय काढण्याची जुनी पद्धत आजही जेथे शक्य असेल तेथे चांगली मानली जाते. तिला ना पडदा लागतो ना महागडी यंत्रे.

मग करावे काय? पहिली गोष्ट, दुखणे लपवू नये. पाळीत गाठी पडणे, दिवसाला अनेकदा कपडा बदलावा लागणे, चालताना धाप लागणे ही रक्त कमी झाल्याची चिन्हे आहेत. पाळी कायमची गेल्यावर पुन्हा डाग दिसला, तर एक दिवसही न दवडता तपासून घ्यावे. कर्करोग असेल किंवा इतर सारे उपाय थकले असतील, तर गर्भाशय काढणे हेच हिताचे असते. तेथे आमच्या या लेखाचा आधार घेऊन कोणी टाळाटाळ करू नये.

दुसरी गोष्ट, शस्त्रक्रियेचा सल्ला मिळाला आणि निकडीचे कारण नसले, तर शांतपणे पाच प्रश्न विचारावे. एक, मला नेमके झाले आहे काय, आणि ते कोणत्या तपासणीने ठरले? दोन, काढायचे ते काय? गाठ, गर्भाशय, की बीजकोशही? बीजकोश काढल्यास पाळी तत्काळ बंद होते आणि लहान वयात ते झाले तर हाडे व हृदय यांवर परिणाम होतो. म्हणून हा प्रश्न स्वतंत्रपणे विचारावा. तीन, याआधी करून पाहण्यासारखे काय आहे? रक्तस्राव कमी करणाऱ्या गोळ्या, लोह, संप्रेरकांची औषधे, तांबीसारखेच पण संप्रेरक सोडणारे साधन, हिस्टेरोस्कोपीने कोंब काढणे, असे पर्याय बहुतेक ठिकाणी मिळतात. चार, शस्त्रक्रिया कोणत्या मार्गाने आणि तोच मार्ग का? पाच, दोन-तीन महिने थांबले तर काय बिघडेल? या प्रश्नांनी चांगला डॉक्टर रागावत नाही. उत्तराने समाधान न झाल्यास दुसऱ्या तज्ज्ञाचे मत घेण्यात कोणाचाही अपमान नाही.

तिसरी गोष्ट घरच्यांसाठी. पोटावरचे टाके लहान असले, तरी गर्भाशय काढल्यावर आतली जखम पूर्वीएवढीच असते. योनीच्या वरच्या टोकाला आत टाके असतात. ते भरून येण्यास सुमारे सहा आठवडे लागतात. तोवर पाण्याची बादली, गव्हाचा डबा, कडेवरचे नातवंड उचलणे वर्ज्य, पतिपत्नीसंबंधही वर्ज्य. हिंडणेफिरणे मात्र जरूर ठेवावे. पहिले एक-दोन दिवस खांदा दुखला, तर तो पोटातल्या उरल्यासुरल्या वायूमुळे दुखतो, घाबरू नये. पण ताप, वाढती पोटदुखी, थांबत नसलेली उलटी, अधिक रक्तस्राव किंवा पायाला सूज, यांपैकी काही दिसल्यास लगोलग रुग्णालय गाठावे. वीतभर टाका दिसत असे, तेव्हा घर आपोआप सांभाळून घेई. आता टाका दिसत नाही, म्हणून बाई आठव्या दिवशी तबक उचलते आणि घर तिचे कौतुक करते. कौतुकापेक्षा तिच्या हातातले तबक कोणी घेतले असते, तर बरे झाले असते.

ते त्या दिवशी आमच्याही हातून उशिराच झाले, हे कबूल केले पाहिजे. चौकशी केल्यावर आम्ही सूनबाईंना हाताला धरून झोपाळ्याशेजारी बसविले. त्यांच्या थोरल्या मुलाला, दहावीतल्या मुलाला, आतून बोलावून घेतले आणि त्याच्या हाती तबक दिले. बायकांच्या हळदीकुंकवात मुलगा पन्हे वाटतो म्हणून थोडे हसू झाले. सासूबाई प्रथम अवघडल्या. मग त्यांनीच सुनेच्या पाठीशी लोड आणून ठेवला.

असो. या अंकापासून पुढच्या अंकापर्यंत महिनाभराचा अवधी आहे. तेवढ्यात आपल्या घरातील एका तरी स्त्रीस, मग ती आई असो, जाऊ असो वा लेक, तिच्या प्रकृतीविषयी एकदा निवांत बसून विचारावे, एवढीच वाचकांस आमची विनंती.